ओढा आणि कोल्हापुरी बंधारा: उन्हाळी श्रमदानाच्या नोंदी

कामाचा टप्पा ६०० मीटर ओढ्याचा. वरच्या टोकाला रस्त्याखालची नळ्यांची मोरी, खालच्या टोकाला पाच गाळ्यांचा कोल्हापुरी बंधारा. गाळा म्हणजे बंधाऱ्याच्या दोन खांबांमधली मोकळी जागा, आणि पाणी अडवायला त्यात बसवतात त्या लोखंडी फळ्या म्हणजे बरगे. पात्र सरासरी ८ ते ९ मीटर रुंद. बंधाऱ्यामागे ८० मीटरपर्यंत गाळ, त्याच्या वरच्या अंगाला जलपर्णी, कडेने पाणकणसाचं उंच गवत आणि बेशरमची झुडपं. पैशांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. दर तालुक्यागणिक बदलतात. तास, लिटर आणि ब्रास दिले की ज्याला त्याला आपला हिशोब मांडता येतो.

ओढ्यातून काय काढायचं हे काठावर उभं राहिलं की कळतं. काढलेलं कुठे टाकायचं, यावर कामं अडतात. खाली जो वेळ वाया गेलेला दिसेल, त्यातला बराचसा याच कारणाने गेला आहे.

५ एप्रिल: पाहणी आणि मोजणी

सगळ्यात आधी पूररेषा. गेल्या पावसाळ्यात पाणी कुठवर चढलं होतं ते काठचे करंज सांगतात. फांद्यांत चिंध्या, पाचट, प्लॅस्टिकच्या सुतळ्या छातीच्या उंचीला अडकलेल्या, आणि सगळ्यांची शेपटं प्रवाहाच्या दिशेला. त्या उंचीवर खोडांना चुन्याचे पट्टे मारले आणि तीच पातळी काठाने पुढे नेऊन खुंट्या ठोकल्या. उजवा काठ उभा आहे, तिथे खुंटी धारेपासून ४ मीटरवर आली. डावा काठ सपाट, तिथे थेट २६ मीटरवर. डावीकडे वीस मीटर लांब टाकलेला ढीगसुद्धा ओढ्यातच टाकल्यासारखा आहे, हे डोळ्यांना पटत नाही; खुंटीला पटतं.

पातळी नळीने काढली. १२ मिमीची पारदर्शक नळी, २० मीटर. बादलीतून तोंडाने ओढून पाणी भरावं, वरून ओतलं की बुडबुडे अडकतात. एक लांब बुडबुडा अडकला तर लेव्हल दोन-तीन सेंटीमीटरने सहज खोटी पडते. पाण्यात चिमूटभर नीळ टाकली की पातळी उन्हातही दिसते. दर वेळी सुरुवातीला दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं उभं राहतं का ते बघायचं, मगच पुढे जायचं.

गाळाची जाडी पहारीने. पहार स्वतःच्या वजनाने आणि हाताच्या दाबाने उतरते तो गाळ. ठोकावी लागली की मुरूम आला. दर १० मीटरला तीन ठिकाणी, मध्ये आणि दोन्ही कडांना. बंधाऱ्यामागे ८० मीटर लांबी, ८ मीटर रुंदी, सरासरी ०.६ मीटर जाडी, म्हणजे ३८४ घनमीटर. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे २.८३ घनमीटर. ३८४ ला २.८३ ने भागलं की १३६ ब्रास. हा आकडा पुढे बदलला, का ते १० मेच्या नोंदीत आहे.

ओला गाळ उपसून घमेल्याने वर चढवायला एका माणसाला एका सकाळीत घनमीटर-दीड घनमीटर जमतो, तोही पहिल्या आठवड्यात. त्यामुळे गाळाला मशिन आणि बाकी सगळं हाताने, असं ठरलं. श्रमदानाच्या उत्साहात गाळ हातानेच काढायचा हट्ट पुष्कळ ठिकाणी होतो. त्यात माणसं दमतात आणि ज्या कामांना हातच लागतात ती राहून जातात.

उजव्या काठात मातीच्या उभ्या भिंतीला वेड्या राघू पक्ष्यांची बिळं आहेत. मार्च ते जून हा त्यांचा विणीचा काळ. त्या तुकड्याला दोन्ही टोकांना लाल कापड बांधलं. तिथे मशिन नाही, कोयता नाही.

१२ एप्रिल: कागद, मोटारी, कचरा

बंधारा कोणाच्या ताब्यात आहे ते आधी शोधावं: जलसंधारण विभाग, जिल्हा परिषदेचा लघु पाटबंधारे विभाग, की जलसंपदा. बऱ्याच बंधाऱ्यांवर पाटी नसते, पण बरग्यांवर रंगाने लिहिलेलं सापडतं. ग्रामपंचायतीचा ठराव जोडून पत्र दिलं. पत्रात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: किती लांबी, किती खोली, कोणतं मशिन, आणि गाळ कोणत्या गट नंबरमध्ये जाणार. शेवटची ओळ नसली की पत्र परत येतं.

गाळाखाली वाळूचा थर निघाला तर तो तसाच ठेवायचा. वाळू हे गौण खनिज आहे. २०१३ च्या महाराष्ट्र गौण खनिज नियमांप्रमाणे परवान्याशिवाय ती उचलता येत नाही, मग काम श्रमदानाचं असो वा नसो. ट्रॉलीत वाळू दिसली की मशिन, ट्रॅक्टर सगळंच अडकतं. झाडांचंही तसंच. काठावर दोन जुनी जांभळं आहेत. १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत जांभूळ येतं, त्यामुळे त्यांना हात नाही. मशिनच्या आड येणाऱ्या फांदीचाही प्रश्न आधी विचारून घ्यावा.

पाण्यात पाय घालण्याआधीचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे शेतीपंप. ओढ्यात मोटारी सोडलेल्या असतात, केबलला जोड असतात आणि जोडांना नुसती चिकटपट्टी. त्यातून बहुतेक स्टार्टरना ऑटो लावलेला असतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते, कोणी बटण दाबत नाही. ‘बंद आहे’ या शब्दावर विसंबून चालत नाही. प्रत्येक पेटीतले तिन्ही किटकॅट (फ्यूज) उपसायचे आणि ज्याची मोटार त्याच्या खिशात ठेवायचे. काम संपल्यावर त्यानेच बसवायचे. सगळ्या मोटारवाल्यांचे फोन नंबर एका कागदावर हवेत, कारण एक पेटी हमखास कुलूपबंद निघते.

आज फक्त सुका कचरा उचलला, पाण्याबाहेरचा. पोती तीन वेगळी: विकला जाणारा प्लॅस्टिक-धातू, काच आणि सुया, बाकी सगळं. काचेसाठी पोतं चालत नाही, रंगाचा रिकामा पत्र्याचा डबा लागतो. गाळात अर्धवट पुरलेल्या साड्या, गोधड्या ओढून काढू नयेत. वरचा तुकडा हातात येतो आणि उरलेला खाली राहून पुढे मशिनच्या दातांत गुंततो. फावड्याने दोन्ही बाजू मोकळ्या करून मग उचलायच्या. कापड पाणी धरतं. एक गोधडी उचलायला दोघे लागले.

गमबूट पोटरीच्या वर पाणी असेल तिथे निरुपयोगी आहेत, भरले की पाय उचलत नाही. पाण्यात जुने कॅनव्हासचे बूट घट्ट नाडी बांधून, चिखलात गमबूट. अनवाणी कोणीही नाही. पायाला ओली जखम असलेल्याने काठावरचं काम घ्यायचं, साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांचं झालेलं असावं.

१९ एप्रिल: जलपर्णी

पाणी आहे तोवरच जलपर्णी काढून घ्यावी. पाणी उतरलं की तीच चिखलात मुळं धरते आणि ओढून निघत नाही. म्हणून बरग्यांना आज हात लावला नाही.

पट्टा ४० मीटर लांब, ९ मीटर रुंद, ३६० चौरस मीटर. एक चौरस मीटर कापून, पाच मिनिटं निथळवून काट्यावर टांगली: २८ किलो. म्हणजे एकूण दहा टन. यातलं ९० टक्क्यांहून जास्त निव्वळ पाणी असतं. ओली ट्रॉलीत भरणं म्हणजे पाण्याची वाहतूक. काठावर उन्हात पसरून तिसऱ्या दिवशी तोच ढीग ९ किलो भरला.

चौघांची टोळी: दोघे पाण्यात, दोघे काठावर. पाण्यातला एक लांब दांड्याच्या कोयत्याने दीड मीटरचे चौकोन कापतो. अख्खा पट्टा ओढायला गेलं तर दोर तुटतो नाहीतर माणूस पडतो. दुसरा चौकोनात दाताळं अडकवून काठाकडे ढकलतो. काठावरचे दोघे ओढून घेतात आणि मुळं दोन-तीनदा पाण्यात बुचकळून झटकतात. ही झटकणी टाळू नये. मुळांच्या झुबक्यात इतका गाळ असतो की न झटकलेला चौकोन जवळपास दीडपट जड लागतो. अशा टोळीला तासाला १५ चौरस मीटर जमतात. चार टोळ्या, सव्वासहा ते सव्वानऊ, निम्मा पट्टा मोकळा. पाचवी टोळी होती, पण दाताळी चारच. रिकाम्या हातांची माणसं पाण्यात उतरून मध्ये मध्ये येतात. माणसं अवजारांच्या हिशोबाने बोलवावीत.

सुरुवात वरच्या टोकाकडून करावी, म्हणजे निसटलेले तुकडे अजून न काढलेल्या भागात जातात. गाळाचं उलटं, तो खालून वर. दोन्ही एकाच दिशेने करायची योजना कागदावर सुटसुटीत दिसते आणि ओढ्यात फसते.

साडेनऊनंतर काम नको. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. किंवा ओआरएसची पुडी, पुडीवर जेवढं लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला. घाम थांबून कोणी असंबद्ध बोलायला लागलं तर सावली, अंगावर पाणी, वारा आणि लगेच दवाखाना. तिथे साखर-मिठाचं पाणी पाजत बसू नये.

२६ एप्रिल: वाऱ्याने आणलेली जलपर्णी

सकाळी बघतो तर साफ केलेला निम्मा भाग पुन्हा झाकलेला. ही नवी वाढ नव्हती. जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते, एका आठवड्यात सहसा एवढी नाही. उन्हाळ्यात ओढ्याला धार जवळजवळ नसते, पण दुपारी पश्चिमेचा वारा जोरात सुटतो. पानं शिडासारखी वारा धरतात आणि अख्खा तराफा प्रवाहाच्या उलट सरकतो.

उपाय दोराचा अडसर. १२ मिमीच्या नायलॉन दोराला दर मीटरला पाच लिटरचा रिकामा, घट्ट बुचाचा कॅन बांधला. खाली जुन्या शेडनेटची ३० सेंटीमीटर झालर सोडली आणि झालरीच्या तळाला दर अर्ध्या मीटरला दगड. झालर नसली की तुकडे दोराखालून सरकतात. दोर दोन्ही काठांना झाडाला नको, पहार ठोकून बांधावा. पाणी उतरलं की ढिला करता आला पाहिजे. काम संपवताना न काढलेल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना अडसर लावूनच घरी जायचं. खालच्या बाजूचा प्रवाहासाठी, वरच्या बाजूचा वाऱ्यासाठी.

एक सकाळ यात गेली. बाकीचा पट्टा बुधवारी आणि शनिवारी उरकला.

काढलेली जलपर्णी डाव्या काठावर पसरली, कारण सपाट जागा तिथेच आहे. उलटी पसरायची, मुळं वर. तिसऱ्या दिवशी परतायची, नाहीतर तळचा थर हिरवाच राहतो. ट्रॉली मिळेपर्यंत दोन दिवस म्हणून ढीग धारेपासून १४ मीटरवर ठेवला, खुंटीच्या अलीकडे. दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. पुढचं १७ मेच्या नोंदीत.

३ मे: पाणकणीस आणि बेशरम

पाणकणीस पाण्यावर बोटभर ठेवून कापलं तर फुकट. मागे कापून ठेवलेला पट्टा एव्हाना पुन्हा गुडघ्याएवढा झालाय. खोड आतून पोकळ असतं, त्यातूनच कंदाला हवा मिळते. पाण्याखाली वीतभर खोल कापलं आणि टोक बुडालेलं राहिलं तर कंद कुजतो. पण पाणी उतरत असताना हे जमत नाही, आज बुडालेलं टोक आठवड्यात उघडं पडतं. त्यामुळे जिथे पाणी टिकणार तिथेच पाण्याखाली कापणी, आणि जिथे तळ उघडा पडणार तिथे आता काहीच नाही. गाळाबरोबर कंद मशिनने काढायचे. सगळं पाणकणीस काढलंही नाही. मोरीच्या तोंडाशी दहा-बारा मीटरचा पट्टा मुद्दाम ठेवला, वरून येणारं सांडपाणी तिथे जरा निवळतं. त्यावर दरवर्षी कापणी मात्र हवी.

बेशरमचं नाव अगदी रास्त आहे. हातभर तुकडा ओल्या मातीवर पडला की मुळं फुटतात. काठाच्या उतारावरची बेशरम मुळासकट उपटू नये. पहिल्या दहा मीटरमध्ये उपटली तिथे काठाची माती लगेच ढासळायला लागली. पुढे जमिनीलगत कापली. फुटवे येतील, ते पावसाळ्यानंतर पुन्हा कापायचे. कापलेल्या फांद्या मातीवर नको, खडकावर किंवा कुंपणाच्या तारेवर आडव्या टाकून पार वाळवायच्या. शेळ्या-मेंढ्यांना ती विषारी आहे, म्हणून चारणीच्या वाटेवर ढीग नको.

४ ते ९ मे: बरगे आणि निचरा

खालच्या शेतकऱ्यांचं शेवटचं पाणी झालं, आता बरगे काढता येतात. प्रत्येक गाळा दोन मीटर, त्यात एकावर एक चार लोखंडी बरगे, प्रत्येक अर्धा मीटर उंच. आधी सगळ्यांवर ऑइलपेंटने नंबर घातले: गाळा आणि वरून कितवा. २/३ म्हणजे दुसऱ्या गाळ्यातला वरून तिसरा. प्रत्येक खाचेची झीज वेगळी असते, अदलाबदल झाली की परत बसवताना फटी राहतात.

वरचे दोन बरगे हाताने निघाले, चौघांनी आकड्यात दोर घालून. एका दिवशी एकाच ओळीचे काढले. सगळे एकदम उघडले की खाली लोंढा जातो, त्याच्याबरोबर गाळ जातो आणि आपला कचरा पुढच्या गावाचा होतो.

खालचे अडकले. गाळ मागून दाबतो आणि खाचेत गंजाचा पापुद्रा बसलेला असतो. यासाठी २ टनी चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) आणि तीन पाइपांची तिपाई, तिचे पाय बंधाऱ्यावरच्या स्लॅबवर, प्रत्येक पायाखाली लाकडी फळी. फक्त एका आकड्याला साखळी लावून ओढलं की बरगा तिरका होतो आणि खाचेत आणखी आवळतो. १/३ असाच अडकला आणि सोडवायला तास गेला. दोन्ही आकड्यांना सारख्या लांबीची साखळी आणि ब्लॉकचा हूक बरोबर मध्यावर. त्याआधी बरग्यामागचा गाळ हातभर रुंद चर करून मोकळा करायचा, खाच पहारीच्या चपट्या टोकाने खरवडायची. जळकं ऑइल खाचेत ओतायचा सल्ला सर्रास मिळतो. ते शेवटी पाण्यातच उतरतं, आणि चर मोकळा केला तर त्याची गरजही पडली नाही. ताण दिल्यावर गाळ्यात किंवा तिपाईखाली कोणीही उभं राहायचं नाही.

तळचा बरगा फक्त मधल्या, तिसऱ्या गाळ्याचा काढला. त्या तोंडापासून वर ८० मीटरपर्यंत पात्राच्या मधोमध एक चर खणला, दोन फूट रुंद. हा चर हाताने करण्यासारखा आहे, आणि सगळ्या कामात माणसांच्या श्रमाचं चीज सर्वांत जास्त इथेच झालं. चर पडताच दोन्ही बाजूंचा गाळ त्यात निथळू लागला. तोंडाशी काटेरी फांद्या आणि दगडांचा गाळणीसारखा बांध घातला, म्हणजे पाणी जातं आणि गाळ थांबतो.

निघालेले बरगे मोजून, यादीवर सही घेऊन, कुलपाच्या खोलीत. काठावर ठेवलेले बरगे भंगारात जातात. हे इतक्या बंधाऱ्यांचं झालंय की त्यावर अधिक लिहायला नको.

१० ते १२ मे: मशिन

मशिन आत उतरवायचं की नाही, याची परीक्षा पहारीनेच. दोन हातांच्या दाबाने फूटभर उतरली तर मशिन रुतणार. आपल्याकडे मध्यावर दीड फूट उतरत होती. म्हणून जेसीबी काठावरून चालवला. मागच्या हाताची पोच साडेपाच मीटरच्या आसपास, पात्र आठ मीटर, तेव्हा दोन्ही काठांवरून काम. उजवीकडे राघूंच्या तुकड्यासमोर डावीकडून पोचेल तेवढाच गाळ काढला.

तळाची पातळी बंधाऱ्याच्या उंबऱ्यापासून धरायची. त्याच्याखाली खणलं तर पाणी वाहून जाणार नाही, नुसतं साचून डास होतील. वरच्या दिशेला ४०० ला १ चढ ठेवला, म्हणजे दर १० मीटरला अडीच सेंटीमीटर. दर १० मीटरला खुंटी, खुंटीवर दोरी, आणि दोरीपासून तळापर्यंतच्या मापाची एक काठी. ऑपरेटरशेजारी ती काठी घेतलेला माणूस सतत हवा. दुसऱ्या दिवशी तो ट्रॉल्या मोजायला गेला आणि तेवढ्यात सहा मीटर लांबीत चाळीस सेंटीमीटर जास्त खणलं गेलं. असा खड्डा सुट्या गाळाने भरू नये, पहिल्या पाण्यात पुन्हा उघडा पडतो. तो बंधाऱ्यापासून ५० मीटरवर आहे आणि पायाला धोका नाही म्हणून डोह समजून ठेवला. बंधाऱ्याच्या पायापासून ५ मीटरच्या आत मशिन नेलंच नाही, तिथला गाळ घमेल्याने. काठाला उतार दोनास एक, म्हणजे उंचीच्या दुप्पट आडवा. काळी माती याहून उभी राहत नाही.

आता हिशोब. एक ट्रॉली एक ब्रास, भरायला सात मिनिटं, तासाला आठ. १३६ ब्रासला १७ तास धरले होते. प्रत्यक्षात २१ लागले. खोदलेला माल फुगतो, गाळ साधारण पाव हिश्श्याने. १३६ चे १७० झाले. डिझेल तासाला पाच लिटर, एकूण १०५. मशिनचे तास मीटरवर सकाळ-संध्याकाळ फोटो काढून लिहावेत.

शेत किलोमीटरभरावर, जाऊन-येऊन रिकामं करायला भरणीसकट वीस मिनिटं. सात मिनिटांची भरणी म्हणजे तीन ट्रॅक्टर लागतात. पहिल्या सकाळी दोनच होते आणि मशिन दर फेरीला सहा-सात मिनिटं उभं राहिलं. उभ्या मशिनचाही तास चढतो.

गाळ कोणाला किती, हे वादाचं. एका एकरात तीन इंच थर द्यायला १०९ ब्रास लागतात. १७० ट्रॉल्यांत जेमतेम दीड एकर होतं. सगळ्यांना दहा-दहा ट्रॉल्या वाटल्या तर एकरी पाव इंच बसतो आणि कोणाच्याच रानाला फरक पडत नाही. त्यामुळे दोनच मुरमाड तुकडे निवडले आणि ठराव करून घेतला. ज्यांचं रान आधीच काळं, त्यांना गाळ देऊ नये. निचरा आणखी बिघडतो.

१७ मे: वळीव

रात्री वळवाचा पाऊस, पाऊण तास. ओढा फार चढला नाही, पुराच्या पट्ट्याच्या कितीतरी खाली राहिला. तरीही जलपर्णीचा ढीग निम्मा पुन्हा पात्रात. कारण पाणी ओढ्यातून आलंच नाही. रस्त्याचं पाणी शेताच्या बांधाने उतरलं आणि ढिगातून वाट काढून गेलं. वरचा थर वाळलेला होता, तळचा हिरवा. नेमका हिरवा भाग पाण्यात गेला. ढिगाची जागा ठरवताना पूररेषेबरोबर वरच्या अंगाने पाणी कुठून उतरतं तेही बघावं, आणि वरच्या बाजूला वीतभर खोल चर काढून ते वळवावं.

जे उरलं ते आज खुंटीच्या पलीकडे, उंचवट्यावर. वाळलेली जलपर्णी शेणाच्या थरांबरोबर खड्ड्यात घातली. फुलं आलेली झाडं वेगळी काढून जाळली, कारण बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं आणि खताबरोबर शेततळ्यात पोचतं.

मशिनसाठी डाव्या काठात कापलेला उताराचा रस्ता पावसाने घळीसारखा झाला. तो त्याच दिवशी बुजवायला हवा होता. आज दगड तळाला, त्यावर वीतभर मातीचा थर, पाणी मारून धुम्मस (ठोकून घट्ट करणं), पुन्हा थर.

२४ मे: मोरीच्या नळ्या

९०० मिमीच्या तीन नळ्या, मधली जवळजवळ बंद. नळीत माणूस घालायचा नाही, कितीही बारीक असला तरी. आत सडक्या गाळाचा वायू असतो, गांधीलमाश्या असतात, आणि अडलेला माणूस ओढून काढता येत नाही.

बांबू एकाला एक बांधून पलीकडे काढले, शेवटच्याला दोर. त्या दोराने जाड दोर ओढून घेतला आणि त्याला मोटारसायकलचं जुनं टायर आडवं बांधलं. टायरच्या मागेही दोर हवा, अडकलं तर परत ओढायला. पहिल्या फेरीत टायर मध्येच फसलं, एकदम सगळा गाळ ढकलत होतं. मग आधी लोखंडी घमेलं भोकं पाडून दोन्हीकडून दोरावर घातलं आणि थोडा थोडा माल बाहेर काढला. निम्मी मोकळी झाल्यावर टायर सरळ गेलं. ओढायची बाजू खालची, म्हणजे निघालेला माल पाण्याबरोबर पुन्हा नळीत शिरत नाही. तो लगेच घमेल्यांनी रस्त्याच्या पलीकडे नेला.

३१ मे: काठ आणि खेकड्यांची बिळं

बरगे घातलेले असताना बंधाऱ्याच्या उजव्या बगलेतून पाणी झिरपायचं. पाणी उतरल्यावर कारण दिसलं: भिंत आणि काठ यांच्या सांध्यात खेकड्यांची बिळं, दोन बोटांपासून मनगटाएवढी. याआधी कोणीतरी तोंडांना सिमेंट भरलेलं होतं. सिमेंट तसंच आहे आणि माती उन्हाने आक्रसून त्याच्याभोवती फट पडली आहे. तोंड बंद करून उपयोग नसतो. बीळ जिथवर जातं तिथवर खणून उघडं केलं, चिखल पायाने तुडवून लोण्यासारखा केला आणि १५ सेंटीमीटरच्या थरांनी धुम्मस करत भरला. प्रत्येक थराचा वरचा भाग पहारीने खरवडून मगच पुढचा, नाहीतर दोन थरांच्या मध्ये पाण्याला वाट राहते. चिखल काळ्या मातीचा; त्यात मुरूम मिसळला तर झिरपतो. वरून ओली पोती, आठवडाभर रोज पाणी.

७ जून: पावसाच्या तोंडावर

पाचही गाळे मोकळे, खाचा खरवडलेल्या. दोराचा अडसर काढून घेतला, तो पुरात राहिला तर कचऱ्याचं धरण होतं. खुंट्या आणि दोऱ्याही काढल्या. मोटारवाल्यांना पंप वर घ्यायला सांगून झालं.

बेशरम उपटून उघड्या पडलेल्या दहा मीटर काठाला वाळ्याचे ठोंब लावायचे आहेत, पहिल्या दमदार पावसानंतर. एका ओळीत १५ सेंटीमीटरवर एक, ओळी काठाला समांतर. आत्ता लावले तर पाणी घालत बसावं लागेल. ढिगातून परत गेलेल्या जलपर्णीचे तुकडे डोहात तीन ठिकाणी दिसले, ते हाताने काढले. हे दर पंधरा दिवसांनी बघायचं, तेवढ्याला एक माणूस आणि एक दाताळं पुरतं.

बरग्यांच्या यादीत दोन कमी होते. ते खोलीतच दुसऱ्या रांगेच्या मागे निघाले. फटी बुजवणाऱ्या रबरी पट्ट्या मात्र पाच बरग्यांच्या कडक होऊन तडकल्या आहेत: १/४, २/४, ४/३, ४/४, ५/४. परतीचा पाऊस ओसरून बरगे बसवायच्या आत नव्या हव्यात. रुंदी आणि जाडी जुन्या पट्टीच्या न घासलेल्या टोकावर मोजावी, मधल्या भागात ती दबून बारीक झालेली असते.